सालू मेस्त्रीची दोरी

सालू मेस्त्रीबद्दल आमच्या गावात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. आफ्रिकेत त्याचा मोटारींचा कारखाना होता, हे खोटं. तो यंत्राशी पोर्तुगीजमध्ये बोलायचा, हेही खोटं. तो यंत्राला शिव्या द्यायचा आणि त्या चांगल्या मालवणी असायच्या. खरं काय ते मला माहीत आहे, कारण त्याचं मशीन एक पावसाळाभर माझ्या भाताच्या गिरणीत होतं. मी दुसरी नापास माणूस. लिहिण्यात चुका होतील त्या होऊ देत, पण मध्ये कोणी बोलू नये.

पूर्ण नाव साल्वादोर. किरिस्तांववाडीतला. मोंबाशाला गोऱ्या साहेबांच्या क्लबात बावीस वर्षं नोकरी करून तो कायमचा परत आला, तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी होता आणि गोव्यात अजून पोर्तुगीज होते. आफ्रिकेहून येणारी माणसं ट्रंका आणायची, ग्रामोफोन आणायची. सालूने एक लाकडी खोका आणला. गाडीवरून उतरवायला चार माणसं लागली. आतून निघालं एक हिरवं यंत्र. खाली चार चाकं, पोटात फिरणारं पातं, पाठीवर लहानसं पेट्रोलचं इंजिन आणि मागे ढकलायला दांडा.

"ह्या काय रे सालू?"

"गवत कापूचा मशीन."

लोक हसले ते सांगायला नको. "अरे मेल्या, बावीस वर्सा थंय रवान गवत कापूक मशीन हाडलंस? आता आमच्या म्हशींनी काय करूचा?"

सालू हसला नाही. त्याची बायको नातालीन दारात उभी होती, तीही हसली नाही.

चर्चच्या मागे त्यांचं दफनाचं आवार आहे, ते त्याला सिमितेर म्हणतात. नोव्हेंबरच्या दोन तारखेला त्यांचा मेलेल्यांचा दिवस. घरोघरची माणसं आपापल्या थडग्यावर फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. पण पाऊस जाता जाता आमच्याकडे गवत माणसाच्या छातीला लागतं. ते आधी कापावं लागतं आणि ते काम बायकांचं. आणि त्या गवतात फुरसं असतं. वीत-दीड वीत लांबीचं जनावर, मातीच्या रंगाचं, वेटोळं घालून असं बसतं की दगड म्हणून हात जातो. सालूची आई नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत कापत होती, तिला फुरसं चावलं. तिसऱ्या दिवशी गेली. पत्र बोटीने मोंबाशाला पोचायला दीड महिना लागला.

हे त्याने मला एकदाच सांगितलं. उभ्या उभ्या, दुसरीकडे बघत. "आत्मा, थंय सायबांचो चेंडू नीट धावाचो म्हणान मी मशीनीन गवत कापी होतंय. आणि हय माझी आवस इळो घेवन."

माझं नाव आत्माराम. तो आत्मा म्हणायचा.

तर ते मशीन त्यासाठी होतं. सिमितेरातल्या गवतात यापुढे कुठल्याही बाईचा हात जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्याचा हट्ट. दुसरं त्याला काही नको होतं. बढाई नको, मान नको. गावाला ते कळलं नाही. मलाही उशिरा कळलं.

आता माणूस कसा होता ते सांगतो. उंच, सुकट, वाकलेला, खाकी अर्धी विजार आणि पायात साहेबाचे जुने बूट. मशीन चालू करायची दोरी कायम डाव्या मनगटावर गुंडाळलेली. इंजिनच्या चक्रीवर ती वेढायची, जोराने ओढायची, सुटली की परत मनगटावर. झोपतानाही सोडायचा नाही म्हणे. नातालीन म्हणायची, "लोकांच्या घोवांनी आफ्रिकेसून सोन्याच्यो बांगड्यो हाडल्यानी. माझ्या घोवान दोरी हाडल्यान, ती पण आपल्याच हातात घातल्यान."

आणि तो बसायचा नाही. मी सांगतो म्हणजे नाही. चहा उभ्याने, बशीत ओतून, दोन घोटात. जेवण ताट हातात घेऊन अंगणात फिरत. चर्चमध्ये दाराशी उभा, पाद्रींचं बोलणं लांबलं की बाहेर जाऊन घंटेच्या दोरखंडाची गाठ तपासून यायचा. लग्नात पंगतीला बसवला तर पहिल्या भाताला उठायचा. एकदा मी म्हटलं, "मेस्त्री, वायच बस मरे. तुका बघून माझे पाय दुखतत."

"बसलंय काय गवत वाढताना आयकाक येता," तो म्हणाला.

मी हसलो. तो चालायला लागला होता.

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. तिच्यात बदल नाही. "पेट्रोल, ठिणगी, वारो. तिनांतला एक नाय तर मशीन नाय. आणि आधी सोपा बघ. कठीण आपणहून समोर येता." आधी टाकीचं झाकण काढायचं, आत बघायचं, वास घ्यायचा. मग प्लग काढून ठिणगी. मग वारा आत घेणारी जाळी. याच क्रमाने. प्लग ओला असला तर नातालीनच्या चुलीवर भाकरीच्या बाजूला भाजायला ठेवायचा आणि तिच्या शिव्या खायचा.

कसालच्या बाजाराला आम्ही एकदा बरोबर गेलो होतो. रस्त्यात नळ्यांनी भरलेला ट्रक बंद पडलेला. ड्रायव्हर घाटावरचा, क्लीनर इंजिनात अर्धा घुसलेला, सगळे भाग फडक्यावर मांडलेले. सालू थांबला.

"टाकीत काठी घातलंस काय?"

ड्रायव्हरने वर बघितलं. अर्ध्या विजारीतला म्हातारा, मनगटावर दोरी. "अहो बाबा, कालच भरलीय टाकी. तुम्ही जा आपल्या वाटेने."

"काल जेवलंस म्हणान आज भूक लागाक नाय?"

लोक हसले. ड्रायव्हर चिडला आणि सालूला खोटं पाडायचं म्हणून काठी घातली. कोरडी बाहेर आली. खालची नळी सैल, रात्रभर सगळं डिझेल रस्त्याने पिऊन टाकलेलं. मांडलेले भाग परत बसवायला त्यांना संध्याकाळ झाली असेल. आम्ही तोवर बाजार करून घरी.

माझीही एकदा खोड मोडली, ते लपवत नाही. गिरणीचं इंजिन मी चालवायचो. तालुक्यात माझ्याइतकं इंजिन कळणारा दुसरा नाही असं माझं मत होतं आणि आहे. एक दिवस सालू रस्त्यावरूनच ओरडला, "आत्मा, तुझ्या गिरणीक खोकलो झालो. डिझेलात पाणी आसा."

"तू आपली गवताची चक्की बघ. माका शिकव नको."

तिसऱ्या दिवशी गिरण बंद. बायका भाताच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. मी नळी सोडून बघितली, तळाला पाणी. काढून टाकलं, गिरण सुरू केली, कोणाला बोललो नाही. सालू संध्याकाळी गेला तिथून, कान देऊन थांबला. "खोकलो बरो झालो वाटता," एवढंच म्हणाला आणि गेला. विचारलं नाही, चिडवलं नाही. मला त्याचाच राग आला.

पहिली दोन वर्षं मशीन चाललं. लांब बांबूला कोयता बांधून तो उभं गवत दुरून पाडायचा, मग मशीन घालायचा. जमीन थरथरली की जनावर निघून जातं म्हणायचा. आधी कोपऱ्यातली थडगी, ज्यांचं कोणी उरलेलं नाही ती. मग बाकीची. शेवटी आपल्या आईबापाची. दोन वर्षं एकही बाई विळा घेऊन आत गेली नाही. हसणारे गप्प झाले.

तिसऱ्या वर्षी वैशाखात त्याच्या घराचे वासे बदलायला काढले. मशीन ठेवायला कोरडी जागा नाही. तो गिरणीत आला.

"ठेव हय," मी म्हटलं. "जसा दितंस तसाच परत घे. माझ्या गिरणीत वस्तू खराब होवची नाय."

आता आमच्या किनाऱ्याची एक रीत आहे, बाहेरच्यांना सांगावी लागते. खारा वारा आणि चार महिने पाऊस. मिरगाच्या आधी आम्ही जिथे म्हणून भोक दिसेल ते बुजवतो. बरणीचं तोंड, बंदुकीची नळी, होडीची फट, ट्रंकेचं कुलूपसुद्धा. ज्याने बुजवलं नाही तो आळशी. मी आळशी नाही. मशीनच्या धुराच्या नळीत नारळाचं सोडण ठोकलं. पात्याला उंडीचं तेल चोळलं. आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक दिसलं, सुईचं टोक जाईल एवढं. म्हटलं यातून दमट हवा शिरेल. मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून त्यात थेंब सोडला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं. काम बघून मीच खूश झालो. मोंबाशाच्या माणसाला काय कळणार पावसाळा, म्हटलं.

दसरा झाला आणि सालू आला. मी सोडण उपटलं, तेल पुसलं. मेण विसरलो. ग्रीसवर धूळ बसून झाकण काळं एकसारखं झालं होतं, दिसायला काही नव्हतंच. त्याने दुसऱ्या ओढीला मशीन चालू केलं.

"बघ. जसा होता तसा," मी म्हटलं.

सिमितेरात नेलं. सात-आठ मिनिटं चाललं आणि धापा टाकत बंद पडलं.

तिथून ते दिवस सुरू झाले. दोन तारखेला नऊ-दहा दिवस राहिले होते. सालूने आपल्या रीतीने बघितलं. झाकण काढलं, पेट्रोल आहे. झाकण लावलं. प्लग काढला, ठिणगी आहे. जाळी धुतली, वारा आहे. तापलेलं इंजिन लवकर धरत नाही, म्हणून ते गार होईपर्यंत थडग्यांमधल्या पायवाटेवर येरझाऱ्या घातल्या. दोरी ओढली, चालू. सात-आठ मिनिटं, बंद. दुसऱ्या दिवशी सगळं इंजिन सोडून फडक्यावर मांडलं, पुसलं, जोडलं. चालू. बंद. नवीन प्लग आणला. बंद. पेट्रोल खोटं असेल म्हणून कसालहून नवीन आणलं, एसटीत पेट्रोल नेऊ देत नाहीत म्हणून पिशवीत नारळांच्या खाली बाटली लपवून. बंद.

मी रोज जायचो आणि रोज मत द्यायचो. "तुझो कार्बोरेटर गेलो."

"गेलो तर चालू कसो होता?"

"मगे पेट्रोल खोटा."

"दोन खेपे बदललंय."

"मगे मशीन म्हातारा झाला."

तो माझ्याकडे बघत राहायचा, डोळे तांबडे, दोरीने तळवे सोललेले. जेवणं बंद. नातालीन पेजेची वाटी घेऊन मागे फिरायची आणि तो पुढे. रात्री अंगणात त्याच्या बुटांचा आवाज येतो असं शेजारी सांगायचे. गवत तसंच उभं. तिसरा हिस्साही कापून झाला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेला दुपारी मी दुकानात गेलो होतो. दुकानदार भिकूने खोबरेलाचा नवा डबा पुढे घेतला, खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. तेल गुडगुडलं आणि थांबलं. त्याने दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं, तेल धारेने आलं.

"दोन कित्याक?" मी उगाच विचारलं.

"एका भोकान तेल येता काय खुळ्या? वारो आत जावंक नको?"

मी तिथेच उभा राहिलो. भिकू बाटली पुढे करतोय आणि माझा हात वर होत नाही.

सालू दर वेळी झाकण काढून बघत होता ना. तेव्हाच वारा आत जायचा. झाकण काढलं की मशीन बरं, लावलं की सात-आठ मिनिटांत टाकी आतल्या आत शोषून बंद. त्याची रीतच त्याला फसवत होती. मोंबाशाला झाकणाच्या भोकात मेण कोण घालणार? ते बघायचं त्याच्या डोक्यात यायला आमच्याकडचे चाळीस पावसाळे काढावे लागले असते.

मी तडक सिमितेरात जायला हवं होतं. नाही गेलो. घरी गेलो. 'जसा दितंस तसाच परत घे,' हे मी चार माणसांसमोर बोललो होतो. आठ दिवस त्याच्या मशीनला नावं ठेवली होती. आता जाऊन काय सांगू? ती संध्याकाळ मी बसू शकलो नाही. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. आई म्हणाली, "सालू शिरलो काय रे तुझ्या आंगात?"

सकाळी एक तारीख. मी जाईपर्यंत सिमितेराच्या फाटकात बायका जमल्या होत्या, सात-आठजणी, हातात विळे. पुढे नातालीन. आणि फाटकात हात पसरून सालू.

"आत पाय घालू नको गो, नातालीन."

"मगे फाल्या मेणबत्ती खंय लावू? गवतार? माझो बापूस थंय निजलो आसा."

"अर्धो तास दी."

"नऊ दिस दिलंय तुका."

"माझी आवस..." तो म्हणाला आणि थांबला. मनगटावरची दोरी उलगडून सालूने परत गुंडाळली. परत उलगडली. म्हातारीला ओळखणाऱ्या दोघीतिघी त्या बायकांत होत्या. त्यांनी खाली बघितलं. पण विळे खाली ठेवले नाहीत. काम राहिलं होतं, दिवस एकच होता.

मी मध्ये घुसलो. "नातालीनबाय, पिन दी गो तुझी."

"कसली पिन?"

"झंपराक लावलंस ती. दी."

पिन घेतली, मशीनजवळ गेलो, झाकण काढलं, ग्रीस पुसून पिनेचं टोक मधोमध घातलं आणि फिरवलं. पिवळा बारीक गोळा टोकावर आला. फुंकर मारली, आरपार गेली.

"काय ता?" सालू मागे उभा होता.

"कचरो," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातून पिन घेतली. तो पिवळा गोळा दोन बोटांत चुरगाळला. नाकाशी नेला. सालू प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचा. मधाच्या पोळ्याच्या मेणाचा वास लपत नाही. मागून एक बाई म्हणाली, "मेणबत्तीचा मेण पडला असतला, हय काय कमी मेणबत्त्यो लागतत?" सालूने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"कचरो," तो म्हणाला. बोटं विजारीला पुसली, पिन नातालीनला दिली.

मशीन पहिल्या ओढीला चालू झालं ते टाकी संपेपर्यंत थांबलं नाही. टाकी भरली, परत चाललं. त्याही दिवशी त्याने आधी कोपऱ्यातली बेवारशी थडगी घेतली. बायका ओरडल्या, "अरे मेल्या, आमची कर आधी!" तो ऐकत नव्हता. उन्हं कलताना मशीन नातालीनच्या बापाच्या थडग्याशी पोचलं आणि दगडाच्या कडेखालून फुरसं निघालं. मातीच्या रंगाचं, सरसर करत आवाराच्या दगडी गडग्याच्या फटीत गेलं. नातालीनने बघितलं. मी बघितलं. हातातला विळा तिने गडग्यावर ठेवला आणि हात पदराला पुसला, दोन-तीन वेळा.

मी आदल्या दुपारी गेलो असतो तर ती त्या सकाळी विळा घेऊन आलीच नसती. आणि मी आणखी अर्धा तास थांबलो असतो तर? हे मला अजून अधूनमधून उठवतं.

पुढे सात-आठ वर्षं ते मशीन चाललं. गोवा सुटला, मालवणात नव्या मोटारी आल्या, माझ्या गिरणीला मोठं इंजिन आलं. सालूच्या रीतीत मात्र एक गोष्ट वाढली. दोरी ओढण्याआधी तो टाकीचं झाकण काढायचा, सूर्यासमोर धरायचा आणि एक डोळा मिटून भोकातून बघायचा. मी असलो तरी, नसलो तरी. मी असलो की मान खाली घालायचो. पावसाळ्यासाठी मशीन मात्र तो दर वर्षी माझ्याच गिरणीत आणून ठेवायचा. दुसऱ्या कोणाकडे नाही. "तुझ्या गिरणीत वस्तू खराब होयत नाय," म्हणायचा. चेहऱ्यावर काही नाही. हे टोचून बोलणं होतं की खरं, ते मी त्याला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

शेवटचा बघितला तो साठ सालानंतरच्या अशाच एका ऑक्टोबरात. छातीचं दुखणं होतं. मी मशीन ढकलत सिमितेरात नेलं, तो मागून काठी टेकत आला. फाटकाजवळच्या गडग्याशी थांबला आणि बसला. सालू मेस्त्री बसला. मला ते बघवलं नाही. मी उगाच प्लगची वायर चाचपत राहिलो.

"आत्मा. झाकाण दी."

दिलं. त्याने ते सूर्यासमोर धरलं, डोळा लावला. मग माझ्यापुढे केलं. "बघ."

मी बघितलं. बारीक भोक, त्यात आभाळ.

"काय दिसता?"

आता बोलायचं होतं. त्याने वाट करून दिली होती, एवढं मलाही कळत होतं. "भोक साफ आसा," मी म्हणालो.

"बरां," तो म्हणाला. हसला की खोकला ते कळलं नाही. मग त्याने मनगटावरची दोरी सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. खाली कातडं पांढरं पडलं होतं, बांगडीसारखं. दोरी माझ्या हातात दिली.

मी झाकण लावलं, चक्रीवर दोरी वेढली आणि ओढली. मशीनने पहिल्याच ओढीला धरलं. कानठळ्या बसवणारा तो आवाज सुरू झाल्यावर मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "मेस्त्री, ता मेण माझा. मी घातलेला."

त्याने कानामागे हात धरला. मी परत बोललो नाही. आमच्यामध्ये मशीन गुरगुरत होतं, धूर येत होता. मग त्याने तो हात कानावरून काढला आणि कोपऱ्याकडे दाखवला, जिथे ज्यांचं कोणी नाही त्यांची थडगी आहेत. तिथून सुरू कर म्हणून.

मी मशीन तिकडे वळवलं. तो गडग्यावर तसाच बसून होता, रिकामं मनगट दुसऱ्या हाताने चोळत.